हिमालयन ४५० की केटीएम ३९० ॲडव्हेंचर: तुमच्या अंगाला कोणती बसली?

मंडळी, या दोन मोटरसायकलींच्या ॲव्हरेज आणि सर्व्हिसच्या खर्चावर पुष्कळ बोलून झालंय. इथे फक्त शरीराचं बोलू. पाय टेकतात का, गुडघे कुठे येतात, पाठ कधी कुरकुरते? उंची जरूर लिहा, पण खरं माप पायाचं. भिंतीला टेकून उभं राहा, मांड्यांच्या मध्ये जाड पुस्तक वर दाबून धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा.

कागदावर हिमालयनची सीट ८२५ मिमी, उचलली की ८४५. २०२० साली आलेली केटीएम ८५५, २०२५ची नवी ८३०. कुठली चालवली तेही सांगा.

पुणे, ५ फूट ४ इंच
जुन्या केटीएमवर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकली. हिमालयनवर चवडे टेकले आणि तिथेच जीव भांड्यात पडला. मी कंपनीची लो सीट टाकली, ८०५ मिमी. पण हिमालयन १९६ किलोची आहे. पार्किंगच्या उतारावर ती मागे ढकलताना हे वजन कळतं, सीटची उंची नाही. आता थांबताना बूड जरा डावीकडे सरकवतो, डावा पाय पूर्ण टेकतो आणि उजवा ब्रेकवर ठेवतो. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडला की निम्मी भीती जाते.

नाशिक, ६ फूट १ इंच
आमचं दुखणं उलटं. सीट खाली आली की फूटपेग (पाय ठेवायची दांडी) काही खाली जात नाही, गुडघेच जास्त दुमडतात. लांबच्या प्रवासात मांड्या भरून येतात. मला जुन्या केटीएमचे ८५५ आवडले. हिमालयन ८४५वर ठेवली तरच जमते. उभं राहून चालवताना दोन्हींवर वाकावं लागतं, म्हणून हँडलबारखाली रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा तुकडा. रायझर लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल ताणली जाता कामा नये.

सोलापूर, ५ फूट ५ इंच
दोन्ही सोडा. जुनी हिमालयन ४११ शोधा, सीट ८०० मिमी. विषय संपला.

ठाणे, ५ फूट २ इंच
शोरूममध्ये गेले की "ताई, स्कूटर बघा" ठरलेलंच. मी जुनी केटीएम घेतली, सीट उंच असूनही. पुढे सीट निमुळती आहे, पाय सरळ खाली जातो. शिवाय ती हिमालयनपेक्षा वीसएक किलो हलकी, कललेली सावरता येते. जाड तळाचे बूट आणि मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा ताण) कमी, एवढंच केलं. गाडी खाली बसली की साइड स्टँडवर ती जास्त सरळ उभी राहते, म्हणून उभी करताना जागा बघून करते.

कोल्हापूर, पन्नाशी, ५ फूट ८ इंच
दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर जाऊ नका, त्यात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. मी ओळखीच्यांच्या दोन्ही गाड्या आंबोलीपर्यंत नेल्या. हिमालयनवर पाठ ताठ राहते; केटीएमवर थोडं पुढे झुकावं लागतं, तेव्हा मनगटांवर भार येतो. तरुणांना ती बैठक आवडेल, माझी मणक्याची तक्रार जुनी.

सातारा, ५ फूट ६ इंच
मागे बसणाऱ्याचं कुणीच लिहिलं नाही! बायको चढताना गाडी एकदम खाली जाते.

पुणे, पुन्हा मीच
दोघं जाणार असाल तर प्रीलोड आधी वाढवा. त्याने रिकामी गाडी उंच लागेल, म्हणून आधी तुम्ही नीट बसा, पाय टेकवा, पुढचा ब्रेक दाबा, मग वहिनींना "बसा" म्हणा.