प्रकटीकरण २-३: सात मंडळ्या म्हणजे सात युगे, असे शिकवावे का?

उंबरठा (प्रश्न)
मंडळीच्या अभ्यासगटात प्रकटीकरण या नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकातली, सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रे सात आठवड्यांत घ्यायची आहेत. अडचणी दोन. चर्चा हमखास ‘शेवट कधी’ या वळणावर जाते, आणि सात पत्रे म्हणजे मंडळीच्या इतिहासाची सात युगे, आपण शेवटच्या लावदिकीयाच्या युगात, हा तक्ता बहुतेकांच्या डोक्यात पक्का आहे. तो शिकवावा की टाळावा? शिवाय प्रत्येक पत्रातून आजच्या मंडळीच्या हाती काय द्यायचे? ‘प्रीती करा, जागे राहा’ एवढ्यावर भागत नाही.

पात्मवाट
तक्ता उतरवा, नकाशा लावा. योहानाने हे पुस्तक जिथे पाहिले त्या पात्म बेटावरून निघालेला जासूद इफिसला उतरतो, किनाऱ्याने उत्तरेला स्मुर्णा आणि पर्गम गाठतो, मग आत वळून आग्नेयेकडे थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया करत लावदिकीयाला पोचतो. पत्रांचा क्रम हाच. म्हणजे तो रस्त्याचा क्रम आहे, शतकांचा नाही. त्या भागात कलस्सै आणि हेरापली इथेही मंडळ्या होत्या (कलस्सै ४:१३), त्यांना पत्र नाही. सात हा आकडा ‘सगळ्या मंडळ्या’ या अर्थाने निवडलेला दिसतो.

युगांच्या तक्त्याचा मोठा दोष असा की तो जवळजवळ सगळा पश्चिम युरोपच्या इतिहासावर बेतलेला आहे. सिरिया, इथिओपिया, केरळ इथल्या जुन्या मंडळ्या कुठल्या रकान्यात घालायच्या, ते कोणी सांगत नाही. आणि तक्ता कधीही काढा, शेवटचे युग नेमके काढणाऱ्याच्याच पिढीत येते!

पहिल्या बैठकीत एकच काम करा: २ आणि ३ हे अध्याय मोठ्याने, न थांबता वाचून दाखवा. एकूण ५१ वचने, दहा मिनिटांत होतात. याच पुस्तकाच्या १:३ मध्ये वाचून दाखवणारा एक आणि ऐकणारे अनेक आहेत. हे पुस्तक कानांसाठी लिहिलेले आहे. वाचताना ‘आत्मा मंडळ्यांस काय म्हणतो’ यातल्या अनेकवचनावर बोट ठेवा. पत्र एका मंडळीला, पण ऐकायचे सगळ्यांनी. लावदिकीयाची खरडपट्टी इफिसकरांसमोरही वाचली जाणार होती. ‘हे पत्र त्या अमक्या मंडळीला लागू’ म्हणायची सोय तिथेच संपते.

दगडमाती
वरच्याशी सहमत. आता पत्रांच्या आतले थोडे, कारण सर्वांत जास्त चुका लावदिकीयात होतात.

त्या पत्रात प्रभू म्हणतो, तू ऊन नाहीस, थंड नाहीस, कोमट आहेस. ‘ऊन म्हणजे आवेशी, थंड म्हणजे अविश्वासी’ असे सर्रास शिकवतात. मग प्रभू ‘तू थंड असतास तर बरे होते’ असे का म्हणेल? तिथली भूमी बघा. दहाएक किलोमीटरवर हेरापलीला उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, दुखऱ्या अंगाला उपयोगी. दुसऱ्या बाजूला कलस्सैला डोंगराचे थंडगार पाणी, तहानेला उपयोगी. लावदिकीयाचे पाणी मात्र नळांतून लांबून आणलेले. त्या नळांच्या आत चढलेला चुन्याचा जाड थर उत्खननात दिसतो. तेव्हा ऊनही चांगले, थंडही चांगले. कोमट म्हणजे कोणाच्याच कामाचे नाही. आवेश मोजणारा प्रश्न गटाला विचारू नका. विचारा: आपल्या मंडळीमुळे आजूबाजूच्या आजारी माणसाला काय मिळते, दमलेल्याला काय मिळते?

‘मला कशाचीही उणीव नाही’ हे वाक्यही गावच्या इतिहासातले वाटते. इ.स. ६० च्या भूकंपानंतर या शहराने रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा बांधकाम केले, असे तासितस या रोमन इतिहासकाराने नोंदवले आहे.

३:२० चे दार (‘मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे’) सुवार्तेच्या सभेत हमखास वापरले जाते. वापरा, पण पत्र मंडळीला आहे हे सांगून. दाराबाहेर उभा आहे तो मंडळीचाच धनी, आणि दार उघडले तर तो आत येऊन सोबत जेवणार आहे.

सार्दीससाठी दोन तारखा पुरतात. सरळ कड्यावरचा हा किल्ला इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने आणि इ.स.पू. २१४ मध्ये तिसऱ्या अँटिओकसच्या सैन्याने घेतला. दोन्ही वेळा ‘इथून कोण चढणार’ म्हणून जिथे पहारा ठेवला नव्हता, तिथूनच शत्रू आत शिरला. ‘जागृत हो’ हे त्या गावाला किती बोचले असेल! मंडळीचा असा बिनपहाऱ्याचा कडा सहसा तिच्या अभिमानाच्या जागीच असतो: जुने नाव, मोठी इमारत, गाजलेला गायकवृंद.

थुवतीरा कारागिरांचे गाव, व्यवसायांचे संघ भरपूर. लुदिया ही जांभळी वस्त्रे विकणारी बाई तिथलीच (प्रेषितांची कृत्ये १६:१४). संघाचे जेवण देवतेच्या नावाने व्हायचे, न जावे तर धंदा बुडायचा. पत्रात ईजबेल असे जिला म्हटले आहे तिची शिकवण (मूर्तींना वाहिलेले खायला हरकत नाही) या पार्श्वभूमीवर वाचा. नोकरी टिकवण्यासाठी कुठवर झुकायचे, हा प्रश्न आपोआप निघतो.

दिवटी
युगांचा अर्थ इतका टाकाऊ नाही. स्मुर्णाला ‘दहा दिवस’ संकट सांगितले आहे, आणि रोमन सम्राट दायोक्लेतियनने सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ ३०३ ते ३१३ असा दहा वर्षांचा होता. हा निव्वळ योगायोग?

पात्मवाट
@दिवटी, ३१३ पर्यंत दहा वर्षे भरतात खरी, पण साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या काही भागांत तो छळ बराच आधी थंडावला होता. आणि स्मुर्णाला हे पत्र जुना करार जाणणाऱ्याने लिहिले आहे. दहा दिवसांची परीक्षा म्हटल्यावर त्या लोकांना दानीएल १:१२-१४ आठवला असणार, जिथे चार तरुण दहा दिवस डाळभाजीवर राहतात. मुदत ठरलेली, थोडी आणि देवाच्या हातातली, हा त्याचा अर्थ. पॉलिकार्प हा स्मुर्णाचा अध्यक्ष इ.स. १५५ च्या सुमारास मारला गेला; त्या मंडळीला हे पत्र कित्येक शतकांनंतरच्या वाचकासाठी जपून ठेवायचे नव्हते, तिला ते त्याच पिढीत लागले.

उलट बाजूची चूकही टाळा. इफिसचे बंदर नदीच्या गाळाने बुजले, आज समुद्र काही किलोमीटर दूर आहे. इफिसच्या पत्रातल्या ‘समई काढून टाकीन’ या इशाऱ्याची ही पूर्तता, असे रंगवून सांगतात. गाळ नदीचा होता. मजकुरात इशारा मंडळीला आहे, बंदराला नाही. तिथला उपायही भावनेचा नाही: आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. क्रियापदे तीन. पहिली प्रीती परत ‘वाटण्याची’ वाट बघायला सांगितलेलेच नाही.

उंबरठा
खूप उपयोगी. एक उपप्रश्न: अभ्यास चालू असताना कोणी उठून ‘प्रभू असे म्हणतो’ म्हणत तारीख किंवा आदेश दिला तर? गप्प बसवले तर ‘आत्म्याला विझवता’ म्हणतात.

कसोटी
ज्या ठिकाणी ‘आत्म्याला विझवू नका’ आहे, त्याच दमात ‘सर्व गोष्टींची पारख करा’ आहे (१ थेस्सलनीका ५:१९-२१). दोन्ही एकत्र वाचून दाखवा, वाद निम्मा मिटतो. पद्धत १ करिंथ १४:२९ मध्ये आहे: दोघातिघांनी बोलावे, इतरांनी पारखावे. बोलणाऱ्याने स्वतःच शिक्कामोर्तब करायचे नाही.

संदेश लगेच लिहून काढा, जसा उच्चारला तसा, तारखेसह. नंतर त्याचे शब्द बदलत जातात, तिथेच फसगत होते. मग दोन-तीन जाणत्या वडिलांनी तो बघावा. अनुवाद १८:२२ म्हणते घडले नाही तर तो परमेश्वराचा नव्हे. पण अनुवाद १३:१-३ म्हणते चिन्ह घडले तरी दुसऱ्या देवाकडे नेत असेल तर ऐकू नका. लोक पहिली कसोटी लावतात आणि दुसरी विसरतात. काळवेळ सांगणारा संदेश मात्र पारखत बसू नका, प्रेषितांची कृत्ये १:७ पुरे: काळ व समय जाणणे तुमच्याकडे नाही. ख्रिस्ताच्या येण्याची तारीख म्हणून अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११. दोन्ही दिवस आले आणि गेले.

चांगला नमुना हवा तर पहिल्या मंडळीतला संदेष्टा अगब. त्याने दुष्काळ सांगितला, आणि अंत्युखियाच्या शिष्यांनी कोणते चिन्ह पुरे झाले याचा हिशेब न मांडता प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयाला पाठवली (प्रेषितांची कृत्ये ११:२८-३०). पुढे २१ व्या अध्यायात तोच अगब पौलाला बेड्या पडतील म्हणतो. ऐकणारे म्हणतात ‘जाऊ नको’, पौल जातो. संदेश आणि त्यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष या दोन निराळ्या गोष्टी. पारखताना वहीत दोन रकाने करा.

पैशाबाबत दिदाखे हे सुरुवातीच्या मंडळ्यांचे जुने मार्गदर्शन रोखठोक आहे. फिरता प्रेषित एक दिवस राहो, गरज पडली तर दोन. तीन राहिला तर खोटा संदेष्टा. आत्म्यात असल्याचे सांगून स्वतःसाठी पैसे मागितले तर ऐकू नका. गरजूंसाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. आणि आत्म्यात जेवण मांडायला सांगून स्वतःच त्यावर जेवायला बसला, तर तोही खोटा.