मदत हवी आहे: ड्रायव्हरचा एक डोळा गेला, ऑफिस म्हणतं 'अर्जावर सही करा'

माझे मिस्टर राज्य शासनाच्या एका खात्यात ड्रायव्हर आहेत. 2003 ला लागले, म्हणजे जुनी पेन्शन. वय 51. दिवाळीनंतर शुगरमुळे उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, पण त्या डोळ्याला आता उजेड-अंधार एवढंच कळतं. डावा चष्म्याने ठीक आहे. चहा ओतताना धार कपाबाहेर जाते, की हे काही न बोलता फडकं घेतात. गाडी चालवणं तर संपलंच.

अर्जित रजा संपली, अर्धवेतनी संपत आली. मागच्या सोमवारी आस्थापनेच्या क्लार्कने टाइप केलेला कागद हातात ठेवला: 'मी प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने सेवानिवृत्त होऊ इच्छितो.' तारखेची जागा रिकामी. म्हणे, "सही करा, रुग्णता पेन्शनचं आम्ही बघतो." ह्यांनी सही न करता घडी घालून घरी आणला, तेवढं बरं केलं. मी बारावीच शिकलेय, पण 'प्रकृती' आणि 'स्वेच्छेने' एकाच ओळीत कशाला, ते मला खटकतंय. हा अर्ज नेमका कोणत्या निवृत्तीचा?

दिव्यांग प्रमाणपत्र 30 टक्क्यांचं आहे, एका डोळ्याचं तेवढंच मिळतं. क्लार्क म्हणतो, 40 च्या खाली कसलंच संरक्षण नाही. खरं का? 58 ला अजून सात वर्षं आहेत, मुलगी कॉलेजात आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

उत्तर:
ताई, सही अजिबात नको. तुम्हाला खटकलं ते बरोबर आहे. हा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज वाटतो. 1982 च्या पेन्शन नियमांतला नियम 66: 20 वर्षं सेवा, तीन महिन्यांची नोटीस. रुग्णता निवृत्तिवेतनाला सरकारी वैद्यकीय मंडळाचा किंवा सिव्हिल सर्जनचा 'नोकरीस कायमचे असमर्थ' असा दाखला लागतो, खाजगी डॉक्टरांचा चालत नाही.

पण मुळात घरी जायचं कशाला? दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 20(4) वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) पदावर ठेवायचं. त्या पोटकलमात 40 टक्क्यांची अट नाही, ती आरक्षणाची. सुप्रीम कोर्टाचा कुणाल सिंग खटला (2003) दाखवा: पाय गेलेल्या जवानाला रुग्णता पेन्शन देऊन घरी पाठवलं होतं, तरी जुन्या 1995 च्या कायद्याने त्याला नोकरीचं संरक्षण मिळालं.

पर्यायी पदासाठी लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी काही ऐकू नका. नाहीच ऐकलं तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आहे.

धागाकर्ती:
खूप आभार. आज अर्ज दिला, पोच मिळाली. आवकच्या बाईंनी शिक्का मारायच्या आधी साहेबांना फोन लावला, पण मारला. आता क्लार्क म्हणतोय, लिपिकाचं पद हवं तर टायपिंगचं सर्टिफिकेट आणा. ह्यांना 51 व्या वर्षी टायपिंगच्या क्लासला घालायचं का? की यातही सूट असते?