ॲलर्जीच्या गोळीने सकाळी झापड येते, काय करावं?

प्रश्न
धुळीच्या ॲलर्जीसाठी सेटिरिझिन १० मिग्रॅ, रोज रात्री ११ वाजता. शिंका थांबतात, पण सकाळी १० पर्यंत डोळे जड असतात आणि ९ ला स्कूटर काढावी लागते. त्याऐवजी लेव्होसेटिरिझिन घेतली तर फरक पडेल का? नाक फारच वाहिलं तर मधूनच सर्दीची गोळीही घेतो.

उत्तर १
आधी त्या सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिनच्या खाली 'क्लोरफेनिरामाइन मॅलिएट २ मिग्रॅ' असं काही दिसलं, तर ॲलर्जीची दोन औषधं एकदम पोटात जाताहेत. क्लोरफेनिरामाइन जुन्या पिढीतलं, मेंदूत सहज शिरतं. आपल्याला जागं ठेवण्याचं काम मेंदूतलं हिस्टामिन नावाचं रसायन करतं. औषधाने तेच अडवलं की पेंग येणारच. शिवाय शरीरातलं क्लोरफेनिरामाइनचं प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात २० तासांच्या आसपास लागतात. रात्रीची गोळी सकाळी संपलेली नसते ती अशी.

सेटिरिझिनला निम्म्यावर यायला साधारण ८ तास लागतात. म्हणजे ११ ची गोळी सकाळी ७ ला अजून अर्धी शिल्लक. रात्री ८ ला घेऊन बघा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती आणखी रेंगाळते, तेव्हा मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते. आणि गोळीवर दारू अजिबात नको.

उत्तर २
लेव्होसेटिरिझिनने फारसं काही साधणार नाही. सेटिरिझिनमधला जो अर्धा भाग खरं काम करतो, तोच वेगळा काढून ५ मिग्रॅची गोळी केलेली आहे.

८ ला घेऊनही झापड राहिली तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिन १२० मिग्रॅ किंवा बिलास्टिन २० मिग्रॅबद्दल विचारा. ही मेंदूत जवळजवळ शिरतच नाहीत. पण घ्यायची पद्धत चुकली की 'गोळी लागू पडत नाही' अशी तक्रार येते. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही. ॲसिडिटीचं पातळ औषधही तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन रिकाम्या पोटी: खाण्याआधी १ तास किंवा खाल्ल्यावर २ तासांनी.

उत्तर ३
त्रास रोजचा असेल तर नाकातला फ्लुटिकासोनचा स्प्रेही डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. त्याने झोप येत नाही, मात्र पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, आणि स्प्रेचं टोक त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर फवारा बसला की नाकातून रक्त येतं.

सेटिरिझिन कित्येक महिने रोज घेतली असेल तर एकदम बंद करण्याआधी विचारा. बंद केल्यावर काहींना अंगभर तीव्र खाज सुटते. हे क्वचितच होतं, पण अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०२५ मध्ये तसा इशारा दिला आहे.

प्रश्नकर्ता
स्ट्रिप पाहिली. क्लोरफेनिरामाइन आहे.

उत्तर १
मग सेटिरिझिन चालू असेपर्यंत ती गोळी बाजूला ठेवा. ताप, अंगदुखी असेल तर नुसतं पॅरासिटामॉल, नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब. आणि औषध बदललं तर पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या; दुसऱ्या दिवशी डोकं किती हलकं राहतं ते बघूनच स्कूटरची किल्ली उचला.