मंच, रिंगण आणि गडी : बघणाऱ्यांनी घडवलेल्या नाटकाला काय म्हणावं?

प्रश्न : ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्या ‘फोरम थिएटर’वर लिहिते आहे. बऱ्याचदा उघड्यावर खेळ होतो, अन्यायाच्या प्रसंगाशी थांबतो. मग बघणाऱ्यांतलं कुणी उठून त्या पात्राची जागा घेतं आणि वेगळं वागून बघतं. याला ‘मंचनाट्य’ म्हणू का? आणि बघताबघता खेळणाऱ्या माणसाला बोआल ‘स्पेक्ट-ॲक्टर’ म्हणतात, त्याचं काय करू?

प्रतिसाद : पथनाट्य म्हणा की सरळ.

प्रतिसाद : पथनाट्य पुरणार नाही. त्या शब्दातून नाटक कुठे होतं एवढंच कळतं. पथनाट्यात लोक घोषणेला साथ देतात, पण गोष्ट बहुधा आधीच ठरलेली असते.

आणि ‘मंच’ तर नकोच. आमच्या गावात शाळेसमोर मुलीची शाळा सोडवण्यावर असा खेळ झाला होता. बाप दप्तर हिसकावतो तिथे खेळ थांबला. पुकारा झाला, “ज्यांना बदल सुचवायचाय त्यांनी मंचावर यावं.” कुणी हललं नाही. मंच नव्हताच तिथे, नुसती माती होती. शिवाय मंचावर बोलावतात ते सत्काराला, पाहुण्यांना. मग खेळ चालवणारी पोरगी म्हणाली, “या ना रिंगणात.” मागून एक आजी उठल्या, चपला काढून आत आल्या, दप्तर छातीशी धरलं आणि बापाला म्हणाल्या, “आधी माझ्याशी बोल.” नंतर आणखी चौघीजणी आल्या. शब्द बदलला आणि माणसं उठली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रिंगण म्हणजे निव्वळ गोल नव्हे. माउलींच्या पालखीचं चांदोबाच्या लिंबापाशी होतं ते ‘उभं रिंगण’, म्हणजे सरळ रांगेतलं. माणसांनी उभं राहून मोकळी राखलेली जागा ते रिंगण. अश्व धावून गेला की तेच वारकरी टापांखालची माती कपाळाला लावायला आत धावतात, फुगड्या घालतात. बघणारा आणि खेळणारा तिथे वेगळा काढता येत नाही. निवडणुकीच्याही ‘रिंगणात उतरतात’च.

प्रतिसाद : शब्द उत्तम, पण ‘रिंगणनाट्य’ आधीच रुळलेलं आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर नाट्यदिग्दर्शक अतुल पेठे यांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांसोबत हे नाट्य उभं केलं. ती ओळख पुसली जाऊ नये. ताई, तुम्ही ‘रिंगणातलं फोरम नाटक’ असं लिहा. ‘फोरम’ राहिला तरी बिघडत नाही.

प्रतिसाद : स्पेक्ट-ॲक्टरसाठी ‘प्रेक्षकनट’ कुणी सुचवेल, तो कागदावरच राहील. मला ‘गडी’ हवा. आपण नाटकालाही ‘खेळ’ म्हणतो, आणि खेळात दमलेला बाहेर बसतो, दुसरा उतरतो, तेव्हा ‘गडी बदलला’ म्हणतो. इथे नेमकं तेच होतं. बोआल पेरूमधला प्रसंग सांगत. एक बाई उपाय सुचवत होती, पण नटांना तो तिच्या मनासारखा जमेना. शेवटी ती स्वतःच वर आली आणि करून दाखवलं. गडी बदलला!

प्रश्नकर्ती : गडी म्हणजे पुरुष, किंवा घरकामाचा माणूस, असं नाही वाटणार?

प्रतिसाद : ‘गडीमाणूस’ म्हटलं तर वाटेल. पण लंगडीत “आमच्यात एक गडी कमी आहे” हे मुलीच ओरडतात. खेळातला गडी बाई की पुरुष, हे बघत नाही.

आणखी एक. खेळ थांबवून लोकांशी बोलणाऱ्याला बोआल ‘जोकर’ म्हणतात, पत्त्यांतला, कुठल्याच रंगाचा नसलेला. त्याला ‘सूत्रधार’ करू नका. सूत्रधार दोऱ्या हातात ठेवतो, इथे त्या लोकांकडे द्यायच्या असतात. जोकरच ठेवा. पत्ते खेळणाऱ्या मराठी माणसाला तो लगेच कळतो.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं करते : “जोकरनं खेळ थांबवला, रिंगणातून नवा गडी आला आणि आजीनं दप्तर घेतलं.”

प्रतिसाद : ‘रिंगणातून’ नको, ‘रिंगणात’. ती बाहेरून आत आली.