मदत हवी आहे: नवी पॉइंट २२ रायफल, बॅरल ‘ब्रेक-इन’ करायलाच पाहिजे का?

नमस्कार मंडळी. मी परभणीची. तीन वर्षं क्लबच्या रायफलीवर ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) खेळले, आता लायसन्सवर स्वतःची घेतलीये. कोरी, बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट (मागची खिट्टी) ओढायचा. घरात सगळे खूश आहेत, पण बॅरल साफ करण्यावरून जो तो वेगळंच सांगायलाय आणि मला काय करू ते कळंना.

नेटवर वाचलं की बॅरल, म्हणजे नळी, ‘ब्रेक-इन’ करायची म्हणजे एक गोळी झाडा, नळी साफ करा, परत एक झाडा, परत साफ करा, असं वीस-पंचवीस वेळा करायचं. माझ्या समजुतीनं हे मोठ्या रायफलींचं आहे. तिथं गोळीला तांब्याचं आवरण असतं, ते नव्या नळीतल्या खरखरीवर खरवडून चिकटतं. माझी गोळी उघड्या शिशाची, वरून मेण लावलेली. दर गोळीनंतर पुसत बसले तर नळीत मेणाचा थर धरणार कधी? क्लबच्या रायफलीचा अनुभवही तसाच: नळी लख्ख केली की पहिल्या आठ-दहा गोळ्या भरकटतात, मग ग्रुप जमतो, म्हणजे गोळ्या एका जागी पडतात. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तिथं एवढी भटकंती परवडत नाही. शिवाय आपल्याला राऊंड लायसन्सवर मोजून मिळतात. अर्धी डबी नुसती नळी घासण्यापायी घालवायला जीव होत नाही.

मामा फौजेतून रिटायर आहेत. ते म्हणतात, “पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आण, चिंधी लाव, तेल दे अन् रोज ओढ.” त्यांच्या हाताला शिस्त आहे, मी शिकलेही त्यांच्याकडूनच. पण दोरी जरा तिरकी ओढली गेली की नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि गोळी शेवटी सोडते ती तीच कड. म्हणून मी प्लास्टिकचं आवरण असलेला एकसंध रॉड घेतला. चेंबर (गोळी बसते तो नळीचा मागचा भाग) रिकामं आहे हे दोनदा बघते, बोल्ट काढते आणि रॉड मागून पुढं घालते. मामांना अजून पटलेलं नाही.

पहिल्या दिवशी तर मी घाबरलेच होते. एकही गोळी झाडायच्या आधी फॅक्टरीचं तेल काढलं. पहिली चिंधी काळपट, दुसरी करडी, तिसरी पांढरी. मग एकानं दिलेलं अमोनियाचं सॉल्व्हंट (तांबं विरघळवणारं, तांबं लागलं की निळं-हिरवं होणारं) लावून फिरवली तर चिंधी मोरपंखी! कोऱ्या नळीत तांबं कुठून आलं? रात्री रॉडचं पितळी टोक त्याच सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून ठेवलं. सकाळी तीही तशीच मोरपंखी. पितळात तांबं असतंच, म्हणजे रंग टोकाचा होता, नळीचा नाही. तेव्हापासून ते सॉल्व्हंट बंद.

आता जाणकारांनी सांगावं. ब्रेक-इन सोडून देऊन सरळ ५० राऊंड झाडले आणि नंतर दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवल्या तर चालेल ना? चेंबरच्या पुढं काजळी आणि मेणाचं कडक कडं धरतं म्हणतात, तिथं ब्रॉन्झचा ब्रश किती राऊंडांनंतर मारता? आणि आपल्याकडच्या हवेचं काय करता? उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ दाराच्या फटीतून आत येते, नळीत तेल राहिलं की तिथंच चिकटते; तेल पुसून ठेवावं तर पावसाळ्यात गंजाची भीती.

मराठवाड्यात पॉइंट २२ खेळणारं कुणी असेल तर स्वतः काय करता तेच लिहा. रविवारी पहिल्यांदा रेंजवर नेणार आहे.