एसटीच्या संपाचा जाब कुणाला विचारायचा?

माणकाठ: काल एकाने लिहिलं, ‘एसटीतल्या संघटना बरखास्त करा, गाड्या वेळेवर धावतील.’ रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, २०२१ चा संप संघटनांच्या हातात होताच कुठे? दिवाळीच्या तोंडावर संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतलं, तरी एकेक आगार बंद होत गेलं. वर्षानुवर्षं वर्गणी घेतली, पण सभासदाला विचारलं नाही, म्हणून माणसं विलीनीकरणासाठी, म्हणजे एसटी महामंडळ राज्य सरकारात सामील व्हावं म्हणून, नेत्यांना सोडून संपावर बसली. कामगार संघटनांच्या १९७१ च्या कायद्याने मान्यतेला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने करार करायला, तेव्हा ३० टक्के सभासद पुरायचे. बाकीच्यांचं कोण ऐकणार? करारावर सही होण्याआधी प्रत्येक आगारात गुप्त मतदान हवं.

डोंगरातले गुरुजी: मतदान घ्याल, पण आमच्या पोरांचं काय? ऑक्टोबरात शाळा उघडली आणि महिन्याभरात संपाने गाडी बंद झाली. नववीच्या दोन मुली आठ किलोमीटर चालत यायच्या. एकीने डिसेंबरात येणं सोडलं. तीनदा घरी गेलो. वडापच्या खासगी जीपला रोज पैसे कुठून आणू, म्हणाला बाप. २४ नोव्हेंबरला पाच हजारांपर्यंत पगारवाढ जाहीर झाली, तेव्हाच का नाही उठलात? हायकोर्टाने कामावर परतायला २२ एप्रिलची मुदत देईपर्यंत बसायचं?

वाहक, २३ वर्षं: पाच हजार नव्या पोरांना, गुरुजी! वीस वर्षांवरच्यांना अडीच. आणि रात्री गावातच थांबणाऱ्या मुक्कामी गाडीचा वाहक कुठे झोपतो, पाहिलंय कधी? सीटवर, पैशाची बॅग उशाला घेऊन. पहाटे अंधारात ओढ्याला.

डोंगरातले गुरुजी: आमच्या ग्रामपंचायतीने खोली दिलीय.

वाहक, २३ वर्षं: मग तुमच्या गावाला हात जोडतो. मी अकरा गावांत मुक्काम केला, खोली दोनच ठिकाणी मिळाली.

लातूरकर: विषय संघटनांचा आहे, खोल्यांचा नाही.

ताई, वाहक: खोलीचाच आहे! बाईमाणसाने मुक्कामाला जायचं, तर दाराला कडी आणि संडास नको? आमच्या आगारातल्या एका संघटनेच्या सचिवाकडे गेले. म्हणाला, ‘आधी दुसऱ्या संघटनेची वर्गणीची पावती सोड, मग तुझी कामगिरी, म्हणजे ड्यूटी, बदलून देतो.’ स्वतः कित्येक वर्षं आगाराबाहेर पाऊल टाकलं नाही त्याने. या माणसाला जाब विचारायची सोय कुठे आहे? संपात मी पाच महिने बिनपगारी बसले, ती नेत्यासाठी नव्हे.

लातूरकर: म्हणूनच म्हणतो, कंत्राटी माणसं घ्या. पावत्याही नकोत आणि सचिवही नको.

माणकाठ: ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या गाड्यांचे कंत्राटी चालक संपावर बसले, तेव्हा हाल झालेच ना? कंत्राटाने संप थांबत नाहीत.

लातूरकर: बरं, तेवढं मान्य. पण पावतीवर कामगिरी वाटणारा सचिव आधी घरी गेला पाहिजे.

डोंगरातले गुरुजी: मतदानाला माझी हरकत नाही. पण मतपत्रिकेवर एक प्रश्न आमचाही छापा: संपात शाळेची फेरी चालू ठेवायची की नाही?

ताई, वाहक: छापा. मी ‘चालू’वर शिक्का मारीन. ती मुलगी परत आली का?

डोंगरातले गुरुजी: नाही.