मदत हवी आहे: बॉइंकवर जुना लॅपटॉप तापतोय, कोअर कमी करू की सीपीयू टाइम?

टीमसाठी घरचे दोन कॉम्प्युटर बॉइंकवर (कॉम्प्युटरची रिकामी ताकद विज्ञानाच्या कामांना देणारं सॉफ्टवेअर) लावलेत, दोन्हीवर रोझेटा ॲट होम (प्रोटीनचा आकार शोधायचं काम). डेस्कटॉप मस्त चाललाय, पण लॅपटॉप चार कोअरचा, जुना, सगळे कोअर दिले की पंखा नुसता बोंबलतो नि टेम्परेचर ९० च्या वर. धूळ काढली, स्टँड लावला, थोडाच फरक. मग सीपीयू टाइम ६० टक्के केला तर टेम्परेचर सारखं वरखाली होतंय, कारण बॉइंक काम जरा चालवतं जरा थांबवतं, आणि काम परत पाठवायची डेडलाइन चुकेल असं वाटतंय. कामांचा साठा आधीच कमी ठेवलाय. लॅपटॉप फक्त रात्री चालू असतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून जीपीयूवाले प्रोजेक्ट नका सुचवू. तर टाइम परत १०० करून दोनच कोअर द्यावेत का, आणि सोबत रोझेटाचा टार्गेट रनटाइम (एक काम किती वेळ चालवायचं ते) ८ तासांवरून ४ वर आणला तर टीमच्या क्रेडिटवर (कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांवर) फरक पडतो का?